हिरवळ आणि वाफे यांच्यामधली दगडी कड : ठाणे-नवी मुंबईच्या पावसात टिकेल अशी

हिरवळीला मोकळे सोडले, की ती वाफ्यात शिरते. हरळीचे धावते खोड जमिनीवरून पसरते आणि तिची मुळे-कांड्या जमिनीखालूनही पुढे सरकतात, त्यामुळे आज स्वच्छ निंदलेला गुलाबाचा वाफा गणपतीपर्यंत पुन्हा गवताने भरून जातो. दुसऱ्या बाजूने वाफ्यातली सुटी माती आणि शेणखत पावसाबरोबर हिरवळीवर येऊन पडते. हे दोन्ही थोपवण्यासाठी मध्ये कड घालतात. सार्वजनिक बागांमध्ये आणि जुन्या सरकारी बंगल्यांच्या आवारात तिरप्या विटा अर्ध्या रोवून त्यांना गेरू आणि चुन्याचे पट्टे मारलेले आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. त्या विटांचे काम दगडाने अधिक टिकाऊ होते, पण दगड जड असतो आणि चुकीचा बसला तर दुरुस्त करणे विटेइतके सोपे नसते, म्हणून आखणीला वेळ द्यावा लागतो.

ऐरोलीतल्या आमच्या रो-हाउसपुढच्या जागेत मी पहिली कड जांभ्याच्या चिऱ्यांची घातली होती. चिरे उभे लावून, निम्मे जमिनीवर ठेवून, सांधे सिमेंटने पक्के भरून तीन बाजू बंद केल्या आणि चौथ्या बाजूला घराची पायरी होतीच. एप्रिलमध्ये ते फार सुबक दिसले. जुलैत सलग तीन दिवस पाऊस झाला, तेव्हा हिरवळीचे तळे झाले आणि पाणी ओसरेपर्यंत गवताचे मोठाले पट्टे पिवळे पडले होते. शेवटी चार ठिकाणी छिन्नीने सांधे फोडले. दोष दगडाचा नव्हता की गवंड्याचाही नव्हता. पाणी कोठून कोठे जाणार हा प्रश्न मी विचारलाच नव्हता. थंड हवेच्या देशांसाठी लिहिलेल्या सूचनांमध्ये जमीन गोठून दगड वर उचलले जाण्याची काळजी घेतलेली असते. आपल्याकडे गोठण्याचा प्रश्नच नाही, पण वर्षाचा सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो, त्यामुळे पुढे जे काही सांगितले आहे ते सारे या पाण्याभोवती फिरते.

पाण्याचा हिशेब आधी

उदाहरणासाठी सहा मीटर लांब आणि चार मीटर रुंद हिरवळ घेऊ. तिच्या तीन बाजूंना वाफे आहेत आणि एका लांब बाजूला घर आहे, म्हणजे कड चौदा मीटर लांबीची होईल. दिवसात १०० मिलिमीटर पाऊस आपल्याकडे नवलाचा नाही. तेवढ्या पावसात या २४ चौरस मीटरवर २,४०० लिटर पाणी पडते, म्हणजे गच्चीवरच्या हजार लिटरच्या जवळजवळ अडीच टाक्या. त्यातले काही मुरते, पण जमीन एकदा तुडुंब भरली की उरलेले सगळे वाहून जावेच लागते. पन्हाळ हिरवळीवर सोडलेली असेल तर गच्चीचे पाणी आणखी वेगळे.

म्हणून आखणीच्या आधी एखाद्या दिवशी नळी लावून हिरवळीवर भरपूर पाणी सोडावे आणि ते कोणत्या कोपऱ्याकडे जाते ते उभे राहून पाहावे. पावसाळ्यात पाहता आले तर उत्तमच. हिरवळीला घरापासून बाहेरच्या दिशेने मीटरला किमान एक सेंटिमीटर, शक्य असल्यास दोन सेंटिमीटर उतार असावा. तो नसेल तर कड घालण्यापूर्वी माती ओढून तो करून घ्यावा, कारण कड बसल्यावर हिरवळीची पातळी बदलणे म्हणजे सगळेच काम पुन्हा करणे होय.

मग पावसाच्या पाण्याचे गटार पाहावे. आवारातल्या किंवा रस्त्याकडेच्या गटाराचा तळ आपल्या चराच्या, म्हणजे दगड बसवायला खणायच्या खाचेच्या, नियोजित तळापेक्षा खाली आहे का, हे लेव्हल पाइपने मोजावे. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांची पातळी जुळवण्याची ही पद्धत गवंडी रोज वापरतात आणि दहा-पंधरा मीटरपर्यंत ती सपाटी पाहायच्या लांब पाणसळीपेक्षाही विश्वासाची असते, मात्र नळीत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. गटार खाली असेल तर दगडांखालचा खडीचा थरच पाणी वाहून नेणारा पाट म्हणून वापरता येतो. गटार वर असेल तर सगळी भिस्त दगडांमधल्या मोकळ्या जागांवर, म्हणजे मोऱ्यांवर, ठेवावी लागते. सांडपाण्याच्या चेंबरमध्ये हे पाणी कधीही सोडू नये. जोराच्या पावसात तेच पाणी उलट घराच्या मोरीतून वर येते.

दगड कोणता

काळा दगड, म्हणजे आपल्या सह्याद्रीचा बेसाल्ट, या कामासाठी माझी पहिली पसंती आहे. तो कठीण असतो, पाणी फारसे शोषत नाही, चाकाने किंवा फावड्याने त्याचे कपचे सहसा उडत नाहीत आणि पावसाळ्यात शेवाळले तरी खराट्याने घासून साफ होतो. दोष एवढाच की तो फार जड आणि कापायला चिवट असतो.

जांभा दिसायला सुंदर असतो आणि कोकणातल्या माणसाला तो घरचा वाटतो. तो खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवेवर कठीण होत जातो. पण तो सच्छिद्र असल्यामुळे सावलीत दोन पावसाळ्यांत हिरवागार होतो आणि त्याच्या कडा झिजतात. हिरवळीपेक्षा उंच असलेल्या वाफ्याला छोटी भिंत घालायची असेल तर जांभा घ्यावा. जमिनीच्या पातळीवरच्या कडेला नको. कडप्पा आणि शहाबाद फरशीच्या पट्ट्या उभ्या रोवून केलेली कड स्वस्त पडते आणि तिच्यात सांधे कमी असल्याने गवतही कमी शिरते. मात्र दोन-अडीच सेंटिमीटर जाडीची पट्टी फावड्याच्या एका फटक्याने तुटते. शिवाय हे दोन्ही चुनखडीच्या जातीचे दगड आहेत, त्यामुळे त्यांच्यावर शेवाळ काढायला ॲसिड ओतले की पृष्ठभाग खाल्ला जातो. नदीतले गोल गोटे कडेला नुसते रचून ठेवायचे आणि त्याला कड म्हणायचे, हे मला कधीच पटले नाही. त्यांच्या फटींतून हरळी सुखाने पलीकडे जाते आणि मग प्रत्येक गोटा उचलून गवत उपटावे लागते.

येऊरच्या किंवा पारसिकच्या डोंगरावरून फिरायला गेल्यावर दगड गाडीत घालून आणण्याचा मोह काहींना होतो. येऊरचा पट्टा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तेथून काहीही उचलून आणणे गुन्हा आहे. इमारतीच्या साहित्याच्या दुकानात किंवा दगडाच्या वखारीत घडीव काळा दगड मिळतो, तो घ्यावा.

या उदाहरणासाठी २० सेंटिमीटर लांब, १५ सेंटिमीटर रुंद आणि १० सेंटिमीटर जाड असा घडीव दगड धरू. तो आडवा, चपटा बसवायचा, म्हणजे वर १५ सेंटिमीटर रुंदीचा पट्टा दिसेल. गवत कापण्याच्या यंत्राचे एका बाजूचे चाक या पट्ट्यावरून चालते आणि पाते कडेपर्यंतचे गवत कापते. उभ्या दगडाच्या कडेला लागून चार बोटे गवत नेहमीच उरते आणि ते कात्रीने किंवा विळ्याने वेगळे कापावे लागते. निव्वळ याच कारणासाठी मी चपट्या कडेचा पुरस्कर्ता झालो.

सामानाचा हिशेब

दगड २० सेंटिमीटर आणि सांधा एक सेंटिमीटर धरला तर चौदा मीटरला ६७ दगड लागतात. तुटफूट आणि न जुळणारे दगड यांसाठी दहा टक्के वाढवून ७४ मागवावेत. काळ्या दगडाचे वजन घनमीटरला २,८०० किलोच्या पुढे असते, त्यामुळे एकेक दगड सुमारे साडेआठ किलोचा आणि सगळे मिळून सव्वासहाशे किलोच्या आसपास होतात. टेम्पो फाटकापाशी थांबतो. तेथून आत कोण नेणार हे भाव ठरवतानाच बोलून घ्यावे.

खाली १० सेंटिमीटरचा दाबलेला पाया आणि त्यावर ३ सेंटिमीटरची मऊ बैठक लागते. चर २५ सेंटिमीटर रुंद धरला तर पायासाठी दाबलेल्या अवस्थेत ०.३५ घनमीटर, म्हणजे सुटे मोजून साधारण १५ घनफूट साहित्य लागेल. ब्रास १०० घनफुटांचा असतो, त्यामुळे हे पाव ब्रासही भरत नाही आणि इतक्या थोड्यासाठी ट्रक येत नाही. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत सव्वा घनफूट माल बसतो हे धरून बारा-तेरा गोण्या मागवाव्यात. पायासाठी २० मिलिमीटरची खडी दोन भाग आणि क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू) एक भाग असे मिश्रण करावे. बैठकीसाठी नुसती क्रश सँड किंवा कच, म्हणजे दगडाचा बारीक चुरा, तीन-चार गोण्या पुरते. पाया नुसत्या मुरमाचा करू नये, असे माझे मत आहे. मुरूम कोरडा असताना छान दबतो, पण आठवडाभर पाण्यात भिजला की मऊ पडतो.

याखेरीज जिओटेक्स्टाइल कापड लागेल. गच्चीवर बाग करणारे मातीखाली जे घालतात तेच. हत्यारांमध्ये टिकाव, फावडे, पहार, घमेले, खडी ठोकायची धुमस, पाणसळ, लेव्हल पाइप, थापी, छिन्नी, सुतकी (जड हातोडी), रबरी हातोडा, सुतळी आणि लोखंडी खुंट्या असाव्यात. दगड फोडताना कपचे डोळ्याच्या दिशेने उडतात, म्हणून चष्मा हवाच. जाड हातमोजेही घालावेत, कारण वखारीत पडून राहिलेल्या दगडांच्या ढिगात विंचू निघणे डोंगराजवळच्या भागात काही अपूर्व नाही.

कोणत्या दिवसांत करावे

दिवाळीनंतरचे दोन महिने सर्वांत चांगले. जमिनीत ओल शिल्लक असते, त्यामुळे खणणे सोपे जाते आणि कापलेले गवत पुन्हा लावल्यास जीव धरते. मार्च-एप्रिलमध्येही करता येते, पण काळी माती तोवर दगडासारखी कडक होते. आदल्या संध्याकाळी पाणी सोडून ठेवल्याशिवाय टिकाव चालत नाही. मे महिन्याच्या शेवटी घाईने काम काढू नये. पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास पोहोचतो आणि अर्धवट उघडा चर पहिल्याच सरीत ढासळतो. दोन माणसांना चौदा मीटरचे काम अडीच-तीन दिवस पुरते.

आखणी

सरळ कडेला दोन खुंट्या आणि ताणलेली सुतळी पुरते. वळणासाठी पाण्याची नळी उन्हात तापवून मऊ करावी, जमिनीवर हव्या त्या आकारात टाकावी आणि तिच्या कडेने रांगोळीची पूड सोडावी. मग वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून ती रेघ पाहावी. जमिनीवर उभे राहून डौलदार वाटणारे वळण वरून पाहिल्यावर बरेचदा पोटात गेलेले दिसते. घरातल्या सगळ्यांनी ते दोन दिवस पाहून घेतले तर पुढची कुरबुर वाचते.

वळण किती तीव्र घ्यावे याला गणित आहे. दगड आयताकृती असल्यामुळे वळणाच्या आतल्या बाजूला ते एकमेकांना चिकटतात आणि बाहेरच्या बाजूला फट उघडते. ही फट काढायची तर दगडाची लांबी आणि रुंदी यांचा गुणाकार वळणाच्या आतल्या त्रिज्येने भागावा. आपल्या २० बाय १५ च्या दगडाला एक मीटर त्रिज्येवर ३ सेंटिमीटर फट पडते आणि दोन मीटरवर दीड सेंटिमीटर. दगड फिरवून आडवे लावले तर फट कमी होईल असे वाटते, पण गुणाकार तोच राहत असल्याने फटही तेवढीच राहते आणि फटींची संख्या मात्र वाढते. यावर दोनच उपाय आहेत : दगड पाचरीच्या आकारात कापून घ्यावेत किंवा वळणापुरते १० सेंटिमीटरचे चौकोनी दगड वापरावेत, ज्यांना एक मीटर त्रिज्येवर केवळ एक सेंटिमीटर फट पडते. दुसरा उपाय स्वस्त आहे, मात्र तेथे पट्टा अरुंद होतो.

खणण्यापूर्वी जमिनीखाली काय आहे ते विचारून घ्यावे. जुन्या सिडको वसाहतींतल्या रो-हाउसच्या पुढच्या अंगणातून पाण्याची नळी, विजेची केबल आणि आता बऱ्याच ठिकाणी गॅसची पाइपलाइनही जाते. मीटरची पेटी, व्हॉल्व्ह आणि चेंबरची झाकणे कोठे आहेत ते पाहून त्यांना जोडणाऱ्या रेषा मनात आखाव्यात आणि त्या ओलांडताना टिकाव बाजूला ठेवून खुरप्याने खणावे. खणताना विटांची किंवा फरशीची शिस्तीत मांडलेली रांग लागली तर ती उचलू नये. केबलवर संरक्षणासाठी अशी रांग ठेवण्याची पद्धत आहे.

चर आणि पाया

चराच्या जागेवरचे गवत प्रथम फावड्याने पट्ट्यापट्ट्यांनी, चार-पाच सेंटिमीटर मातीसकट सोलून काढावे आणि सावलीत ओल्या गोणपाटाखाली ठेवावे. दोन-तीन दिवस ते तग धरते आणि शेवटी हिरवळीच्या बाजूची ठिगळे लावायला तेच लागते. मेक्सिकन लॉन असेल तर त्याची घट्ट चादर सोलायला सोपी जाते. हरळी असेल तर तिची मुळे चरातून वेचून टाकावीत, कारण राहिलेली एक कांडीही पुरेशी असते.

चर २५ सेंटिमीटर रुंद आणि हिरवळीच्या मातीपासून २२ सेंटिमीटर खोल घ्यावा. पाया १०, बैठक ३ आणि दगड १० मिळून २३ होतात, म्हणजे दगडाचा माथा मातीपेक्षा एक सेंटिमीटर वर येतो. हा एक सेंटिमीटर महत्त्वाचा आहे. त्याहून उंच ठेवला तर पाणी अडते आणि यंत्राचे पाते दगडाला लागण्याची भीती असते. मातीच्या अगदी बरोबरीने ठेवला तर दरवर्षी हिरवळीवर पसरलेल्या खत-मातीने तीन-चार वर्षांत दगड गडप होतो.

चराचा तळही हिरवळीच्याच उताराने, मीटरला एक सेंटिमीटर, सर्वांत खालच्या कोपऱ्याकडे उतरता ठेवावा. हे वाचताना क्षुल्लक वाटते, पण चिकण जमिनीत सपाट तळाचा चर म्हणजे दगडांखाली पुरलेली पन्हाळीच. तिच्यात पाणी साचते, खालची माती लोणी होते आणि दगड एकेक करून बसतात. गटाराची पातळी खाली असल्याचे आधी मोजले असेल तर या कोपऱ्यातून वाफ्याखालून ७५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप गटारापर्यंत न्यावा, त्याला मीटरला दोन सेंटिमीटर उतार द्यावा आणि चराकडच्या तोंडाला जाळी बांधून भोवती मोठी खडी भरावी.

माती कशी आहे ते खणताना कळते. नवी मुंबईचा बराच भाग भरणीचा आहे, त्यामुळे वरच्या वीतभर लाल मातीखाली मुरूम, दगडगोटे, कधी कधी इमारतीचा राडारोडाही लागतो. अशा जागी चराचा तळ पहारीने ठोकून पाहावा आणि पोकळ वाटेल तेथे उकरून खडीने भरून घ्यावे. ठाण्याच्या सखल भागात काळी चिकण माती लागली तर पाया १० ऐवजी १५ सेंटिमीटर करावा. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्या हालचालीला जाड पाया थोडाफार पचवतो. या मातीत कापड घालणे टाळू नये. ते नसेल तर खडी हळूहळू चिखलात शिरते आणि चिखल खडीत.

झाडाचे मूळ आडवे आले तर काय, असा प्रश्न आंबा किंवा चाफा असलेल्या प्रत्येक अंगणात येतो. अंगठ्याहून जाड मूळ तोडू नये. तेथे पाया पातळ करावा, दगड किंचित वर उचलावा किंवा कडेला थोडे वळण द्यावे. सरळ रेषेच्या हट्टापायी झाडाचा आधार कमी करण्यात अर्थ नाही, विशेषतः वादळी वाऱ्याच्या दिवसांत.

कापड चराच्या तळावर आणि दोन्ही बाजूंवर येईल असे अंथरावे. खडीचे मिश्रण पाच-पाच सेंटिमीटरच्या दोन थरांत टाकावे, प्रत्येक थरावर पाणी शिंपडावे आणि धुमसाने ठोकावे. एकदम दहा सेंटिमीटर टाकून ठोकले तर वरचा भाग दबतो आणि खालचा तसाच राहतो. टाचेने दाबल्यावर खूण उमटली नाही म्हणजे पुरे.

दगड बसवणे

सुरुवात ज्या टोकाची पातळी पक्की आहे तेथून करावी. बहुतेक घरांत ती पायरी किंवा फरशीची वाट असते. दगडांच्या माथ्याच्या उंचीवर, हिरवळीकडच्या बाजूने सुतळी ताणावी. दर तीन मीटरला मध्ये एक खुंटी असावी, नाहीतर सुतळी मधोमध झोल खाते आणि कडही तिच्याबरोबर झोल खाते.

बैठकीची कच साडेतीन सेंटिमीटर पसरावी आणि दगड सुतळीपेक्षा किंचित उंच ठेवून रबरी हातोड्याने ठोकत सुतळीला आणावा. घडीव म्हटला तरी काळ्या दगडाची जाडी आठपासून अकरा सेंटिमीटरपर्यंत बदलते, त्यामुळे प्रत्येक दगडाखालची कच कमी-जास्त करावी लागते. फार बसला तर वरून ठोकत राहण्याऐवजी दगड काढून कच वाढवावी. कोपऱ्यात कच कोंबून टेकू दिलेला दगड पुढे डुगडुगतो. चार-पाच दगड झाले की पाणसळ लांबीला आणि रुंदीला दोन्हीकडे ठेवून पाहावी. रुंदीला अगदी अर्धा सेंटिमीटर उतार वाफ्याकडे असला तर चांगले. सगळ्यांत चांगली बाजू वर आणि सरळ कड हिरवळीकडे, एवढे निवडताना पाहिले तर घडणावळीचे निम्मे कष्ट वाचतात.

सांधे सिमेंटने भरावेत की नाहीत, याबद्दल गवंड्यांशी माझा नेहमी वाद होतो. त्यांचा आग्रह समजण्यासारखा आहे, कारण सिमेंटने भरलेली कड त्या दिवशी पक्की दिसते. पण जमीन हलते तेव्हा सांधे तडकतात, तडकलेल्या सांध्यात गवत शिरते आणि ते मग उपटताही येत नाही. म्हणून सांध्यांत कोरडी क्रश सँड खराट्याने भरावी, पाणी शिंपडावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भरावी. सिमेंट फक्त दोन टोकांच्या दगडांखाली आणि काटकोनी कोपऱ्यांवर वापरावे. तेथे १:३:६ प्रमाणाचे (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट दगडाखाली आणि वाफ्याच्या बाजूला, माथ्यापासून पाच सेंटिमीटर खालीपर्यंत भरून घेतले की रांग सरकत नाही.

हरळीसाठी एक जास्तीचे काम करावे लागते. सुट्या सांध्यांतून आणि दगडांखालून ती वाट काढते, म्हणून वाफ्याच्या बाजूला दगडांना लागून जाड प्लास्टिकची पट्टी उभी लावावी. पट्टी १५ सेंटिमीटर रुंद असावी आणि तिची वरची कड दगडाच्या माथ्याखाली दोन सेंटिमीटर राहावी, म्हणजे ती दिसत नाही. ती पायाच्या खडीत थोडीशीच शिरते, त्यामुळे खालून पाणी जायला वाट राहते. नागरमोथ्याच्या गाठींसाठी मात्र कोणतीही कड उपयोगाची नाही. त्या याहून खोल जातात आणि त्यांना खणूनच काढावे लागते.

मोऱ्या

हिरवळीचा उतार ज्या बाजूला संपतो त्या बाजूला दर दीड-दोन मीटरवर दोन दगडांमध्ये सहा सेंटिमीटरची मोकळी जागा सोडावी. प्लास्टिकची पट्टी तेथे कापावी. या जागेत सुपारीएवढे गोटे भरावेत, म्हणजे पाणी जाते आणि माती येत नाही. मोरीसमोरच्या वाफ्यात वीतभर रुंदीचा गोट्यांचा पट्टा आडवा काढून तो गटाराकडे उतरवावा. नाहीतर हिरवळीचे सगळे पाणी वाफ्यात शिरून झेंडूची मुळे कुजवील. वाफ्याची माती दगडाच्या माथ्यापेक्षा चार-पाच सेंटिमीटर खाली ठेवावी. वाफा भरण्याच्या उत्साहात ही पातळी हमखास चुकते आणि पहिल्या पावसात लाल माती दगडांवरून हिरवळीवर पसरते.

काम झाल्यावर नळी पुन्हा पूर्ण सोडून अर्धा तास ठेवावी. मोऱ्यांशी पाणी पोहोचण्याआधी कोठे डबके राहत असेल तर तेथली माती आताच भरून घ्यावी. आठवडाभर टिकणारे डबके म्हणजे डासांची पैदास, आणि पावसाळ्यात ते परवडणारे नाही.

आता दगडांच्या हिरवळीकडच्या फटीत माती आणि बारीक शेणखत भरावे, गोणपाटाखालचे गवत कापून बसवावे, फळीने दाबावे आणि पंधरा दिवस रोज हलके पाणी द्यावे. खणून निघालेली माती फुगून घनमीटरभर होते. चांगली असेल तर ती वाफ्यात पसरवण्याआधी वर सांगितलेली पातळी लक्षात ठेवावी. राडारोडा निघाला तर तो वाफ्यात लपवू नये, उचलून द्यावा.

पोडियमवरची हिरवळ

घोडबंदर रस्त्यावरच्या किंवा खारघरमधल्या अनेक सोसायट्यांमध्ये हिरवळ जमिनीवर नसून वाहनतळाच्या छतावर असते, आणि तेथे वरची कृती जशीच्या तशी वापरणे धोक्याचे आहे. मातीखाली पाणी निचरणारा थर आणि त्याखाली वॉटरप्रूफिंग असते. एक लोखंडी खुंटी त्यातून आरपार गेली तर खालच्या गाडीवर पाणी गळू लागते आणि गळती कोठून आहे ते शोधायला सगळी माती उपसावी लागते. सुतळी बांधायला खुंट्यांऐवजी विटांचे वजन वापरावे, पहार आणि टिकाव वर नेऊच नयेत. मातीची खोली आधी बारीक काठीने, हलक्या हाताने मोजावी. खडीचा पाया न घालता कापडावर पाच सेंटिमीटर कच पसरून दगड बसवावेत आणि छताच्या निचऱ्याच्या जाळ्या झाकल्या जाणार नाहीत हे पाहावे.

वजनाचा विचार वेगळ्या पद्धतीने करावा लागतो. दगड तेवढ्याच जागेतल्या ओल्या मातीपेक्षा जड असतो, आणि काढलेली माती खाली न नेता वाफ्यातच टाकली तर भार आणखी वाढतो. त्याहून काळजीची गोष्ट म्हणजे सव्वासहाशे किलो दगड लिफ्टजवळ एकाच ढिगात उतरवून ठेवणे. ते खाली ठेवून रोज लागतील तेवढेच वर आणावेत आणि काम सुरू करण्यापूर्वी सोसायटीच्या समितीमार्फत स्ट्रक्चरल इंजिनिअरची लेखी संमती घ्यावी.

पहिल्या पावसाळ्यात

पहिल्या महिन्यात दोन-तीन दगड बसतीलच. त्यात काही चुकले असे नाही. पावसाला उघडीप मिळाली की तो दगड पहारीच्या टोकाने अलगद उचलावा, खाली मूठ-दोन मूठ कच टाकावी आणि पुन्हा ठोकावा. सिमेंट न वापरल्याचा फायदा तेव्हा कळतो, कारण हे काम दहा मिनिटांचे आहे. एकच दगड पुन:पुन्हा बसत असेल तर मात्र कच टाकत राहू नये. तेथे खाली पाणी साचते आहे असे समजून दोन्हीकडचे दोन-दोन दगड काढावेत आणि चराचा उतार तपासावा.

पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी खुरप्याचे टोक दगड आणि गवत यांच्या सांध्यातून एकदा ओढावे, म्हणजे पट्ट्यावर सरकणारे गवत तुटते. मोरीतले गोटे गाळाने भरले की काढून धुवावेत. सांध्यांतली वाळू मुंग्या वर काढून ठेवतात. पाऊस संपल्यावर ती पुन्हा भरावी. शेवाळ कोरडे झाल्यावर ताठ ब्रशने घासावे. पाइप टाकला असेल तर त्याचे गटाराकडचे तोंड मे महिन्याच्या अखेरीस एकदा तपासावे, कारण उन्हाळ्यात पाने आणि प्लास्टिकच्या पिशव्या तेथेच जमतात आणि वरून बादलीभर पाणी ओतल्याशिवाय तो तुंबला आहे हे कळत नाही.